स्मार्टफोन, नर्सिंगच्या विद्यार्थिनी आणि वेळेचे नियोजन : एका संशोधनपद्धतीची चिकित्सा

स्मार्टफोनमुळे होणारा लक्षविक्षेप कमी करून विद्यार्थिनींचे वेळेचे नियोजन सुधारणे, हा नर्सिंगच्या संशोधनात वारंवार हाताळला जाणारा विषय आहे. अशा अभ्यासांची मांडणी बहुधा ठरलेली असते : पूर्वचाचणी, मार्गदर्शनपर व्याख्यान, उत्तरचाचणी आणि गुणांतील वाढीवरून काढलेला परिणामकारकतेचा निष्कर्ष. या अभ्यासांनी एक गंभीर प्रश्न ऐरणीवर आणला, हे मान्यच करावे लागेल. तथापि या पद्धतीत दोन मूलभूत उणिवा राहतात.

पहिली उणीव मापनाची आहे. विद्यार्थिनीला काय ठाऊक आहे, हे प्रश्नावलीतून कळते; वॉर्डात ती प्रत्यक्षात काय करते, हे कळत नाही. मावळ परिसरातील संशोधकांना याबाबतचा वस्तुपाठ लोणावळ्यातच सापडतो. १९२४ मध्ये येथे कैवल्यधामची स्थापना करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी उड्डियान, नौली यांसारख्या क्रियांचे शरीरावरील परिणाम प्रयोगशाळेत प्रत्यक्ष मोजले. केवळ साधकांच्या सांगण्यावर ते विसंबले नाहीत. नर्सिंगच्या क्षेत्रातही अशा प्रत्यक्ष निरीक्षणाचे उदाहरण आहे. सिडनीतील दोन रुग्णालयांत ९८ परिचारिका औषधे देत असताना केलेल्या निरीक्षणाचे निष्कर्ष वेस्टब्रुक व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केले. प्रत्येक व्यत्ययामागे कार्यपद्धतीतील त्रुटी १२.१ टक्क्यांनी, तर औषधविषयक चुका १२.७ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांत आढळले. हे व्यत्यय केवळ फोनचे नव्हते. परंतु विचलित लक्षाची किंमत अखेर रुग्णाला मोजावी लागते, हे त्यावरून स्पष्ट होते.

दुसरी उणीव जबाबदारीची आहे. हे अभ्यास सारा भार विद्यार्थिनीच्या मनोनिग्रहावर टाकतात. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१ मधील सुधारित अभ्यासक्रमानुसार बी.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थिनीस आठवड्याला ४० तास अध्ययन व प्रात्यक्षिकासाठी द्यावे लागतात. त्यातच ड्यूटीचा बदल, परीक्षेची सूचना, प्रकल्पाची मुदत असे सर्व काही व्हॉट्सॲपवरून वेळी-अवेळी येत असेल, तर फोन दूर ठेवणे हाच तिचा निष्काळजीपणा ठरतो. पुणे-लोणावळा लोकलने ये-जा करणाऱ्या मुलीसाठी तर तोच फोन घराशी जोडणारा दुवाही असतो.

यासंदर्भात सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये सुरू झालेला उपक्रम उद्बोधक आहे. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजताच दीड तास संपूर्ण गावाने मोबाईल व दूरचित्रवाणी बंद ठेवावी, असे तेथे ठरले. संयमाचा भार एकट्या विद्यार्थ्यावर न टाकता गावाने तो वाटून घेतला, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

नर्सिंग महाविद्यालयांनाही सूचनांची वेळ निश्चित करता येईल आणि औषधे देण्याच्या काळात फोन वॉर्डाबाहेर ठेवण्याचा नियम शिक्षकांसह सर्वांना लागू करता येईल. त्याआधी व त्यानंतर वॉर्डातील व्यत्यय मोजले, तर उपाययोजनेचे खरे मूल्यमापन होईल. तोवर उत्तरचाचणीतील वाढलेले गुण हे माहिती वाढल्याचे द्योतक मानावेत. वेळेचे नियोजन सुधारल्याचा पुरावा म्हणून ते ग्राह्य धरता येणार नाहीत.