पीएमएस ओळखायचं कशावरून, यादीवरून की तारखेवरून?

माझा प्रबंध प्रश्नावल्यांवर आहे. आजार मोजायला लोकांना जे प्रश्न विचारतात, ते नेमकं काय मोजतात, हे तपासणं म्हणजे माझं रोजचं काम. त्यात एक जुनी प्रश्नावली सारखी समोर येते: रुडॉल्फ मूस यांची १९६८ची 'मेन्स्ट्रुअल डिस्ट्रेस क्वेश्चनेअर'. पाळीआधीच्या त्रासाच्या ज्या याद्या आज मोबाइलवर फिरतात, त्यांची ही आजी म्हणायला हरकत नाही.

तिच्यात ४७ गोष्टी आहेत. पोट फुगणं, स्तन दुखणं, चिडचिड, रडू येणं, झोप बिघडणं वगैरे. मूस यांनी ती ८३९ तरुण विवाहित स्त्रियांकडून भरून घेतली. श्रेय द्यायलाच हवं, कारण त्याआधी डॉक्टर बहुतेक आपापल्या दवाखान्यात दिसलेलं लिहीत होते. मूस यांनी पाळीआधीचा आठवडा, पाळीचे दिवस आणि उरलेला महिना असे तिन्ही काळ वेगळे विचारले. उत्साह वाटणं, टापटीप करावीशी वाटणं अशा चांगल्या गोष्टीही यादीत ठेवल्या. आजच्या याद्यांतून नेमक्या त्याच गळाल्यात.

पण सगळं विचारलं आठवणीवर. तिथेच घोळ आहे. १९७४ साली मेरी ब्राउन पार्ली यांनी हीच प्रश्नावली स्त्रिया आणि पुरुष दोघांना दिली आणि विचारलं, बायकांना या दिवसांत काय काय होतं? दोघांच्या उत्तरांचा नमुना जवळपास सारखा आला. ज्यांना पाळी कधी आलीच नाही, तेही फॉर्म तसाच भरतात, तर मग तो फॉर्म अनुभव मोजतोय की ऐकीव माहिती?

१९७७ मध्ये डायन रूबल यांनी प्रिन्स्टनमध्ये आणखी पुढची गंमत केली. पाळीला साधारण आठवडाभर असलेल्या विद्यार्थिनींपैकी काहींना खोटंच सांगितलं, की यंत्रानुसार तुमची पाळी एक-दोन दिवसांवर आलीय. काहींना सांगितलं, अजून बराच अवकाश आहे. दिवस तेच, शरीरं तशीच, पण पहिल्या गटाने अंगावर सूज आणि दुखणं जास्त नोंदवलं. आपल्याकडे घरात कुणी आवाज चढवला की 'पाळी जवळ आलीय वाटतं' म्हणतात ना, तसाच हा प्रकार.

यावरून 'म्हणजे सगळे मनाचे खेळ' असं म्हणणारे मला भेटतात. ते साफ चूक आहे. १९९८ साली पीटर श्मिट आणि सहकाऱ्यांनी औषधाने अंडाशयाचं काम थांबवलं, तेव्हा पीएमएस असलेल्या बऱ्याच स्त्रियांचा त्रास ओसरला. मग त्यांना इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन परत दिलं, तर तो परतला. पीएमएस नसलेल्या स्त्रियांवर त्याच हार्मोन्सचा तसा परिणाम झाला नाही. म्हणजे हार्मोन्सची पातळी ठीकच असते, शरीराची प्रतिक्रिया वेगळी असते. म्हणूनच 'हार्मोन्सचे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही नाही' हे वाक्य इथे काहीच सिद्ध करत नाही.

मग ओळखायचं कसं? चिडचिड आहे का, एवढ्याने भागत नाही, ती तर कुणालाही असते. ती जाते कधी, हे बघावं लागतं. पाळीआधीच्या दिवसांत यावी, पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत ओसरावी आणि पुढचा आठवडा जवळपास मोकळा जावा. हा मोकळा आठवडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो नसेल, महिनाभर उदासच वाटत असेल आणि पाळीआधी ते फक्त वाढत असेल, तर नैराश्य, थायरॉइड, रक्तक्षय असं दुसरं काहीतरी शोधायला हवं. यादीवर खुणा करून ते कळत नाही, आणि कितीतरी जणी 'पीएमएसच असेल' म्हणून वर्षानुवर्षं गप्प बसतात.

२०१३च्या डीएसएम-५ मध्ये याच्या तीव्र रूपाला, म्हणजे पीएमडीडीला, स्वतंत्र निदान म्हणून जागा मिळाली. पक्क्या निदानासाठी किमान दोन चक्रांची रोजची नोंद लागते. मूस यांच्या फॉर्मवरचा हा योग्य उतारा आहे, पण माझी तक्रार याच्याबद्दलही आहे. रोजची वही रविवारी एकदम भरली की आपण परत आठवणीवरच आलो. आणि ज्या बाईच्या मनात त्या आठवड्यात जीव नकोसा झाल्याचे विचार येतात, तिला 'दोन महिने लिहा, मग या' सांगणं चालणार नाही. तिने त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. वही उपचारासोबतही भरता येते.