ताकाला जाऊन भांडं लपवणारा बाप

नॉर्वेत वडिलार्जित घरातल्या वस्तूंची वाटणी करताना किंवा विम्याचा दावा भरताना 'अफेक्शून्सव्हेर्दी' हा शब्द येतो. आजीची खुर्ची, टवका उडालेला कप, बंद पडलेलं घड्याळ अशा वस्तूंना बाजारात कुणी विचारत नाही, पण घरच्यांना त्या टाकवत नाहीत. त्या न टाकवण्याला जे मोल असतं, त्याचं हे नाव. शब्द तसा कारकुनी, कोरडाच. योआकिम ट्रियरने तो आपल्या चित्रपटाला दिला, इंग्रजीत त्याचं 'सेंटिमेंटल व्हॅल्यू' झालं आणि 2025च्या मे महिन्यात कान महोत्सवात या चित्रपटाला ग्रां प्री, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान मिळाला. इंग्रजी नावाने शब्द थोडा गोड केला हे खरं, पण चित्रपट मात्र मूळ शब्दाइतकाच हिशेबी आहे. घर सोडून गेलेला बाप परत येतो तेव्हा त्याच्याकडून काय वसूल करायचं आणि कोणत्या चलनात, हा त्याचा प्रश्न. गेल्या काही वर्षांतल्या नॉर्वेजियन चित्रपटाने कौटुंबिक नाट्याचा जो वेगळा घाट घडवत आणला, तो इथे सर्वांत पक्का दिसतो. आणि त्याची मर्यादाही इथेच उघडी पडते.

गुस्ताव बोर्ग हा एकेकाळचा नावाजलेला दिग्दर्शक. मुली लहान असताना संसार मोडून तो निघून गेला. त्यांची आई, मानसोपचारतज्ज्ञ असलेली सिसेल, वारल्यावर तो ओस्लोतल्या त्या जुन्या लाकडी नक्षीच्या घरात पुन्हा येतो. घर अजून त्याच्याच नावावर आहे, ही बारीकशी मेख. थोरली नोरा रंगभूमीवरची नटी, धाकटी अग्नेस इतिहासाची अभ्यासक. एक नवरा, एक मुलगा, नीट चाललेला संसार अग्नेसचा. नोराचं तसं काही नीट चाललेलं नाही. बाप नोराला भेटायला बोलावतो आणि तिच्यापुढे पटकथा ठेवतो. मुख्य भूमिका तिच्यासाठीच लिहिली आहे, म्हणतो. ती पान न उलटता नकार देते. मग ती भूमिका रेचेल केम्प या अमेरिकन तारकेकडे जाते, तिच्या नावावर नेटफ्लिक्सचे पैसे उभे राहतात. या सगळ्या खटाटोपात 'माझं चुकलं' हे दोन शब्द गुस्ताव कुठेही उच्चारत नाही. त्याला माफीच हवी आहे हे लहान पोरालाही कळावं, पण हा ताकाला जाऊन भांडं लपवतो, आणि ते भांडं म्हणजे ती पटकथा. स्टेलान स्कार्सगॉर्डने हे लपवणं इतकं लाघवी केलंय की अधूनमधून प्रेक्षकच त्याला ताक वाढायला उठतो.

हे वेगळं का वाटतं, ते उत्तर युरोपातल्या कौटुंबिक नाट्याची जुनी रीत आठवल्याशिवाय लक्षात येणार नाही. ती रीत समोरासमोर बसवून बोलायला लावण्याची. इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस'मधली नोरा (1879) नवऱ्याला टेबलाशी बसवते आणि लग्नाचा सगळा हिशेब मांडून मग दार ओढून घेते. मराठी रंगभूमीला हे घराणं परकं नाही. नाट्यमन्वंतरने 1933मध्ये आणलेलं 'आंधळ्यांची शाळा' ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या नाटकावरून केलेलं होतं आणि अनंत काणेकरांनी इब्सेनच्या नोराला 'घरकुल'मध्ये मराठी बोलायला लावलं. पुढे हीच रीत बर्गमनने टोकाला नेली. स्वीडनमधल्या आयकर प्रकरणानंतर देशाबाहेर असताना त्याने 'ऑटम सोनाटा' (1978) नॉर्वेत चित्रित केला. कलेसाठी मुलींना वाऱ्यावर सोडलेली पियानोवादक आई आणि तिची मोठी झालेली मुलगी एका रात्रीत एकमेकींची सालं काढतात. डेन्मार्कच्या 'फेस्टेन'मध्ये (1998) तर बापाच्या साठाव्या वाढदिवसाच्या पंगतीत मुलगा उभा राहून आरोप वाचतो. या सर्वांचा विश्वास एकच: बोललं की फुटतं, आणि फुटलं की निदान खरं तरी कळतं.

ट्रियर आणि त्याचे समकालीन हा विश्वास ठेवत नाहीत. त्यांच्या चित्रपटांत माणसं समोरासमोर आली की विषय बदलतात, आणि जे बोलायचं ते एखाद्या तिसऱ्या वस्तूच्या हाती धाडतात. ट्रियरच्याच 'लाउडर दॅन बॉम्ब्स'मध्ये (2015) युद्धछायाचित्रकार आईच्या मृत्यूनंतर धाकटा मुलगा बापाशी तोंड उघडत नाही, पण स्वतःबद्दल लिहिलेली विचित्र पानं थोरल्या भावाला वाचायला देतो. हाल्फदान उलमान त्योन्देलच्या 'आर्मान्ड'मध्ये (2024) दोन लहान मुलांमध्ये नेमकं काय घडलं, हा प्रश्न शाळेच्या कार्यपद्धतीच्या हाती जातो. शिक्षिका, मुख्याध्यापक, नियम यांच्या मधोमध बसलेल्या आईला बोलणं सुचेनासं होतं तेव्हा हसू फुटतं, आणि ते मिनिटामागून मिनिट थांबतच नाही. ही आईही पेशाने नटी, भूमिका नोरा साकारणाऱ्या रेनाते राइन्सवेचीच. आणि हा दिग्दर्शक बर्गमन व लिव्ह उलमान यांचा नातू. आजोबांची रीत नातवाने मोडली, असं म्हणायचा मोह होतो खरा, पण तो आवरावा. नात्यागोत्यांवरून समीक्षा केली की ती चुकते.

यावर कुणी दाग योहान हाउगेरुदचं नाव घेईल, आणि ते रास्तच आहे. त्याची माणसं बोलण्यात कुणाला हार जाणारी नाहीत. ओस्लोवरच्या त्याच्या तिन्ही चित्रपटांत लोक कचेरीत, बोटीवर, जिन्यात बोलत बसतात. पण 2025मध्ये बर्लिनला गोल्डन बेअर मिळवणारा त्याचा 'ड्रीम्स' नीट पाहावा. सतरा वर्षांची योहाने शिक्षिकेच्या प्रेमात पडते आणि हे ती घरात कुणालाही सांगत नाही. ती ते लिहून काढते. हस्तलिखित आधी कवयित्री आजीला, मग आईला वाचायला देते. त्यानंतर घरात जी चर्चा चालते, ती मुलीच्या दुःखाची कमी आणि हस्तलिखिताच्या दर्जाची, छापावं की नाही याची जास्त. बोलणं भरपूर, पण मधे कागद आहे म्हणून. कागद काढून घ्या, तिघी जणी गप्प बसतील. तेव्हा हाउगेरुद या घाटाला अपवाद नाही. विनोदाच्या अंगाने तो तिथेच येतो.

'सेंटिमेंटल व्हॅल्यू'मध्ये या मध्यस्थ वस्तूंचा सुळसुळाट आहे. पहिला मध्यस्थ खुद्द घर. सुरुवातीलाच कळतं की शाळकरी नोराने घराच्या नजरेतून निबंध लिहिला होता. भिंतीतला तडा, जिन्यावरची धावपळ, आईबापांची भांडणं, आणि बाप गेल्यावरची शांतता, जी घराला आवडली नाही. स्वतःला काय वाटलं हे त्या पोरीने लिहिलंच नाही, घराला काय वाटलं ते लिहिलं. मुलींना आईच्या खोलीतलं रुग्णांचं बोलणं शेगडीच्या धुराड्यातून ऐकू यायचं, म्हणजे परक्यांची दुःखंसुद्धा या घरात नळीवाटेच पोचायची. दुसरी वस्तू स्टूल. गुस्ताव रेचेलला मागची खोली दाखवतो आणि सांगतो, माझ्या आईने इथे गळफास घेतला, हेच ते स्टूल. रेचेल हेलावते, आपणही. पुढे कळतं की स्टूल आयकियाचं आहे. सभागृहात हशा होतो, पण या विनोदाला धार आहे. बापाचं दुःख सोळा आणे खरं, त्याचा पुरावा मात्र दुकानातून आणलेला. दिग्दर्शकाचा धंदाच तो. आणि हे हत्यार ट्रियर स्वतःवरही उगारतो आहे, कारण आपण पाहतो ते घरही शेवटी त्याच्या कला-विभागाने सजवलेलंच आहे.

तिसरी वस्तू पटकथा, आणि सगळा डाव तिच्यावर आहे. तिच्यातला एक उतारा आपण दोनदा ऐकतो. पहिल्यांदा रेचेल तो इंग्रजीत वाचते, डोळ्यांत पाणी आणून, आणि चांगला वाचते. ट्रियरने अमेरिकन तारकेची टवाळी केली असती तर सोपं झालं असतं. एल फॅनिंगची रेचेल मेहनती आहे, समजूतदार आहे, केसही नोरासारखे रंगवून घेते, आणि शेवटी आपण या भूमिकेत उसन्या आहोत हे ओळखून स्वतःच बाजूला होते. दुसऱ्यांदा तोच उतारा नोरा वाचते, नॉर्वेजियनमध्ये, अग्नेसने आग्रह केला म्हणून. अभिनय असा काहीच नाही, जवळजवळ यादी वाचल्यासारखा सूर. मजकूर तोच, पण आता तो तिच्याबद्दलच आहे. आजवर आपण धरून चाललो होतो की पटकथा गुस्तावच्या आईवर आहे. आत्ता कळतं की मुलीच्या आयुष्यातली सर्वांत काळी रात्र, जेव्हा तो जवळपास कुठेही नव्हता, ती त्याला कशीतरी उमगली होती. नोरा चपापते ती बापाने गुपित फोडलं म्हणून नव्हे. आपल्याला कुणीतरी वाचलं होतं, याचा तो धक्का आहे.

इथे सर्वांत जोरकस आक्षेप येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. हा चित्रपट कलावंत बापाला फार स्वस्तात सोडतो. मुलीचं आयुष्य मोडलं आणि त्यावर चांगली पटकथा लिहिली की फिटलं, असं तो सुचवतो, हा तो आक्षेप. नटाच्या, गवयाच्या, लेखकाच्या घरच्यांनी सोसलेलं कलेच्या खात्यात जमा करून टाकण्याची सवय आपल्याकडेही कमी नाही, म्हणून हा संशय अधिक बोचतो. पण चित्रपटाचा पुरावा उलट दिशेने जातो. गुस्तावची कला कुठेही त्याला चांगला माणूस करत नाही. नातवाच्या वाढदिवसाला तो डीव्हीडी आणतो, त्यांत 'द पियानो टीचर' आणि 'इर्रिव्हर्सिबल' हे निव्वळ मोठ्यांचे चित्रपट, आणि घरात डीव्हीडी लावायचं यंत्रच नाही. जुन्या छायालेखकाला पुन्हा कामावर घ्यायला जातो, त्याचं थकलेलं शरीर पाहतो आणि शब्द गिळून परत फिरतो. लहानपणी अग्नेसला त्याने आपल्या चित्रपटात घेतलं होतं. चित्रीकरणाचे ते दिवस बाप संपूर्ण तिचा होता. चित्रीकरण आटोपलं, बापही आटोपला. आता तो तिच्या मुलाला घेऊ पाहतो तेव्हा ती चवताळते, कारण हे आमिष तिने एकदा गिळलेलं आहे. गुस्तावला माणसाकडे बघायला कॅमेरा लागतो, हे वैगुण्यच आहे, आणि चित्रपट त्याला वैगुण्यच म्हणतो. तो एवढंच पुढे विचारतो, की ज्याला फक्त याच वाटेने येता येतं, त्याच्यासाठी ही वाट उघडी ठेवायची की नाही. मुली ती किलकिली ठेवतात, पण म्हणून त्यांनी माफ केलं असं होत नाही.

दुसरा आक्षेप युद्धाबद्दल. गुस्तावची आई कारिन नाझींविरुद्धच्या प्रतिकारात होती, पकडली गेली, छळली गेली, आणि युद्ध संपून काही वर्षं गेल्यावर, मुलगा सात वर्षांचा असताना, तिने जीव दिला. घरगुती दुःखाला वजन यावं म्हणून इतिहास जोडला, असं काहींना वाटेल. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण अग्नेसचा एकच प्रसंग. ती राष्ट्रीय अभिलेखागारात जाते, फाइल मागवते आणि आजीचा जबाब वाचते. संगीत नाही, पूर्वदृश्य नाही. टंकलिखित पानं आणि इंगा इब्सडॉटर लिलेओसचा चेहरा, बस. जे घरात दोन पिढ्या कुणी कुणाला सांगितलं नाही, ते सरकारी कागदावर तारीखवार नोंदलेलं होतं. एप्रिल 1940 ते मे 1945 अशी पाच वर्षं जर्मन ताब्यात राहिलेल्या त्या देशात बहुतेकांनी युद्धानंतर तोंड मिटून कामाला लागणं पसंत केलं, आणि या चित्रपटांतल्या गप्प माणसांची मुळं कुठेतरी तिथेही असावीत. ट्रियरचे आजोबा एरिक लोखेन स्वतः प्रतिकार चळवळीत पकडले गेले होते. पुढे ते दिग्दर्शक झाले, आणि त्यांच्या 1972च्या एका चित्रपटाची रिळं कोणत्याही क्रमाने लावली तरी चालत. तेव्हा हा धागा वरून चिकटवलेला नाही.

उरतो खातेपित्या लोकांच्या दुःखाचा आक्षेप. ओस्लोच्या चांगल्या वस्तीतलं घर, नाटक-सिनेमाची माणसं, सरकारी अनुदानावर पोसलेली चित्रसृष्टी. हे मान्यच करावं. साधारण 56 लाख लोकसंख्येच्या देशात असा चित्रपट बाजाराच्या जिवावर उभा राहत नाही, आणि या चित्रपटांतून ओस्लोच्या पूर्वेकडची कामकरी, स्थलांतरित घरं फार थोडी दिसतात. ही उणीव एका चित्रपटाच्या माथी मारता येणार नाही, पण एका पिढीच्या माथी मारता येईल.

माझी खरी तक्रार वेगळी आहे, आणि ती घाटाच्या मुळाशी जाते. मध्यस्थ वस्तूला वाचणारं कुणीतरी लागतं, आणि या घरात ते काम अग्नेस करते. अभिलेखागारातला कागद तिने वाचला, पटकथा आधी तिने वाचली, ती बहिणीपर्यंत तिने पोचवली. दोघी बिछान्यावर बसलेल्या असताना नोरा तिला विचारते की तू धड कशी राहिलीस, आणि अग्नेस सांगते की मला तू होतीस. अख्ख्या चित्रपटात समोरासमोर, कुठलीही वस्तू मधे न ठेवता बोललेलं हे जवळजवळ एकच वाक्य, आणि ते सगळ्यांत खोल जातं. म्हणजे ट्रियरने उभारलेल्या घाटाला त्याचाच सर्वोत्तम प्रसंग छेद देतो. हे त्याच्या लक्षात आलं असेल तर शेवट निराळा व्हायला हवा होता. शेवटी मात्र तो पुन्हा बापाकडे आणि त्याच्या कॅमेऱ्याकडे वळतो. नोरा भूमिका करते, मुलगा शाळेला निघतो, आई मागच्या खोलीत जाते, दार बंद होतं. आपण श्वास धरलेला असतो, आणि कॅमेरा मागे सरकल्यावर दिसतं की हे ते घर नव्हेच, स्टुडिओतला सेट आहे. खरं घर विकून, आतून पांढरं रंगवून झालंय. बाप आणि मुलगी एकमेकांकडे पाहतात. दोघंही बोलत नाहीत. दृश्य बेजोड आहे, राइन्सवेच्या चेहऱ्यावर त्या क्षणी काय काय येऊन जातं ते लिहून सांगता येणार नाही. पण ज्या मुलाच्या पाठीवर दप्तर आहे तो अग्नेसचा मुलगा आहे, जो द्यायला ती तयार नव्हती. तिने होकार कधी दिला, कसा दिला, स्वतःशी काय बोलून दिला, हे चित्रपटात कुठेच नाही. ती तिथेच, दिव्यांच्या पलीकडे, तारांच्या गुंडाळ्यांमध्ये उभी आहे, आणि कॅमेरा तिच्याकडे वळत नाही.