जुनेर आणि व्हिंटेज : जुन्या कपड्यांतली माया

बाहेर पाऊस असा आहे की पलीकडचा घाटही दिसत नाही, तरी एवढी मंडळी आली. आभार.

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं कपड्यांवर काय बोलावं, असं काहींनी आम्हाला विचारलं. प्रश्न रास्त आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देहाला जीर्ण वस्त्राची उपमा दिली आहे. माणूस जुनं वस्त्र टाकून नवं घेतो, तसा आत्मा देह टाकतो. ही उपमा आम्ही वर्षानुवर्षं वर्गात शिकवली. पण टाकलेलं वस्त्र पुढे जातं कुठे, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही आणि एकाही विद्यार्थ्यानं आम्हाला विचारला नाही. कसाऱ्याला राहायला आल्यावर उत्तर मिळालं. ते इथे येतं.

दिवाळीच्या आसपास शहरातून गाड्या येतात. पाड्यावर गाठोडी उतरतात. त्यात बिनबाह्यांचे पार्टीचे झगे असतात, लोकरीचे कोट असतात, चेन तुटलेल्या पँटी असतात. देणाऱ्यांची भावना चांगली असते, त्यावर आमचं काही म्हणणं नाही. पण बघा, आपल्या शहापूर तालुक्यातल्या तानसा-भातसाचं पाणी मुंबईला जातं, उन्हाळ्यात इथल्या बाया हंडे घेऊन टेकड्या उतरतात, आणि मुंबईहून परत काय येतं, तर न लागणारे कपडे.

आता दुसरी बाजू. हेच जुने कपडे शहरात शोधून, पैसे मोजून, हौसेनं घातले जातात. त्याला थ्रिफ्ट म्हणतात, व्हिंटेज म्हणतात. थ्रिफ्ट म्हणजे काटकसर. व्हिंटेज हा शब्द मूळचा द्राक्षांच्या तोडणीचा, म्हणजे घाट चढून वर गेलं की नाशिककरांचा. (हशा) आपल्याकडे या कपड्यांना शब्द होता, जुनेर. एकच सदरा, इथे जुनेर आणि तिथे व्हिंटेज. हा फरक कापडात आहे का? आजचं व्याख्यान एवढ्याचसाठी आहे.

गेओर्ग झिमेल नावाच्या जर्मन विचारवंतानं 1904 साली फॅशनवर निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : माणसाला इतरांसारखं दिसायचं असतं आणि इतरांहून वेगळंही दिसायचं असतं, फॅशन दोन्ही भुका एकदम भागवते. वरच्यांचं खालच्यांनी उचललं की वरचे ते टाकतात. कसाऱ्याच्या फलाटावर सकाळी उभं राहा, झिमेल समजतो. पाड्यावरचा मुलगा कडक नवा पॉलिएस्टरचा शर्ट घालून कामाला निघालेला असतो. शहरातून गड चढायला आलेली मुलगी आजोबांचा विटका सुती सदरा घालून उतरते. नवं स्वस्त झालं, सगळ्यांना मिळू लागलं, तेव्हा जुनं हे वेगळेपणाचं लक्षण ठरलं.

पण झिमेलवर थांबलो तर आपल्या इथली गोष्ट अर्धीच कळेल. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रं वापरावीत असा दंडक आहे. म्हणजे जुनं कापड ही आपल्याकडे नुसती गरिबी नव्हती, ती नेमून दिलेली पायरी होती. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला ती मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेत डॉ. आंबेडकर स्त्रियांशी बोलले ते कशाबद्दल, तर लुगडं नेसण्याच्या पद्धतीबद्दल आणि अंगावरच्या जाडजूड दागिन्यांबद्दल. ज्यावरून जात ओळखू येते ते सोडा, कापड फाटकं असलं तरी स्वच्छ असू द्या, असा त्या बोलण्याचा मथितार्थ. स्टायलिंगवरचं याहून गंभीर मराठी व्याख्यान आम्हाला ठाऊक नाही.

आणि त्याच काळात गाडगेबाबा महाराष्ट्रभर चिंध्यांचा अंगरखा घालून फिरत होते. जन्म परटाच्या घरातला. लोकांचे कपडे पांढरेशुभ्र धुणाऱ्या जातीतला माणूस स्वतः ठिगळं पांघरतो, आणि हातात झाडू घेतो. बाबासाहेब सूट घालायचे, गाडगेबाबा चिंध्या घालायचे, आणि दोघांना एकमेकांबद्दल आदर होता. यात विरोध नाही. अंगावर काय असावं हे ज्याच्या अंगावर आहे त्यानं ठरवावं, हे दोघांचंही सूत्र. चिंधी कुणी लादली की ते जुनेर. स्वतः निवडली की तो वेष.

आता आमच्या घरातली गोष्ट सांगतो. पत्नी गेल्यावर तिचं कपाट वर्षभर बंद होतं. मग नातीनं एक इरकली लुगडं मागून घेतलं आणि त्याचा सरळ कुडता शिवून घेतला. काठ खालच्या घेराला ठेवला, खाली साधी पांढरी सलवार, पायात रोजच्या चपला. लोकलनं कॉलेजला जायला उत्तम. तिनं विचारलं, आजोबा, कसा आहे? आमची जन्माची सवय, आम्ही परीक्षण केलं. (हशा)

चांगलं काय ते आधी. जुनी वस्तू एकच, बाकी सगळं साधं. हे बरोबर. दोन-तीन जुन्या वस्तू एकदम अंगावर आल्या की शाळेच्या स्नेहसंमेलनातलं पात्र दिसतं. कापड सुती निवडलं, तेही बरोबर. सूत धुऊन धुऊन मऊ होतं. अनेक घरांत तान्ह्या बाळाचं पहिलं झबलं आणि दुपटं जुन्या लुगड्याचंच असतं, ते उगीच नाही. रेशीम मात्र वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलं तर घडीवर चिरतं. म्हणून जुनी साडी शिवायला देण्याआधी उजेडासमोर धरून घड्या बघाव्यात. आणि कुणाचा तयार सदरा किंवा कोट घेणार असाल तर आधी खांदा बघा. कंबर, बाही, लांबी शिंपी सुधारतो. खांदा सहसा सुधारत नाही.

मग दोष. कुडत्याच्या कोपरावर तिनं लाल चौकोनी ठिगळ लावलं होतं. खाली काही फाटलेलं नव्हतं. शोभा म्हणून. आम्ही विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, जुनं वाटावं म्हणून. आम्ही कुडता उलटा केला. आत शिवणीच्या आड, काठापासून वीतभर वर, बारीक रफू होतं. आमच्या पत्नीच्या हातचं. चुलीजवळ ठिणगी उडून पडलेलं भोक तिनं रात्री कंदिलाशी बसून बुजवलं होतं, आम्ही शेजारी पेपर तपासत होतो. खरं रफू आत दडवलं आणि खोटं ठिगळ बाहेर लावलं. आजच्या जुन्या कपड्यांच्या हौसेवर आमचा आक्षेप असेल तर तो एवढाच. जुनेपणाची नक्कल नको, जुनेपणाची खूण लपवू नका. आधीच फाडून विकलेल्या जीन्सचंही तेच. ज्यांच्या गुडघ्याला कामानं भोकं पडतात, त्यांना त्यातली गंमत समजावून सांगता येईल का, हे स्वतःला विचारावं.

नात रागावली. दोन दिवसांनी ठिगळ उसवलेलं दिसलं. रफूची बाजू काही वर आली नाही, तशी ती येणार कशी, पण ती आता मैत्रिणींना दाखवते म्हणे.

मग आम्हाला वाटलं, आपण शहाणे. घरी कामाला येणाऱ्या बाईंना एक लुगडं देऊ केलं. त्या जवळच्या ठाकूरवाडीतल्या. घडी हातात घेतली नाही त्यांनी. म्हणाल्या, "जुनं झालं म्हणून देताय का सर, का बाईंचं हाये म्हणून?" आम्हाला उत्तर देता आलं नाही. खरं उत्तर पहिलंच होतं. नातीला आम्ही कपाट उघडून दिलं होतं, यांना आम्ही घडी काढून दिली होती. नातीनं निवडलं होतं, यांच्यासाठी आम्ही निवडलं होतं. गावात गाठोडी उतरवणाऱ्या गाडीवर आम्ही आत्ता टीका केली ना, ती गाडी आमच्याच घरात उभी होती.

बोहारीण आठवा. दारात बसायची, पँटीच्या शिवणी तपासायची, "एवढ्यात पातेलं नाही यायचं" म्हणायची. आम्ही तिला चिकट म्हणायचो. पण तिला नको म्हणता येत होतं. ते कपडे धुऊन, बटणं लावून, इस्त्री करून पुढच्या बाजारात जायचे आणि तिथलं गिऱ्हाईकही नको म्हणू शकायचं. त्या व्यवहारात कुणाची मान खाली नव्हती. दानात ती जाते. देणाऱ्यांनी पाड्यावर कपडे मांडून ठेवावेत, धुतलेले, अखंड, मापाप्रमाणे लावलेले, आणि लोकांनी घ्यावं किंवा न घ्यावं. एवढं तरी करता येईल.

आम्ही पुढे कपाट उघडून बाजूला झालो. बाईंनी वेळ घेतला. एकेक उलगडून बघितलं, आणि नेमकं हिरवं घेतलं, जे आम्ही नातीसाठी मनात राखून ठेवलं होतं. जीव थोडा कळवळला, खोटं कशाला बोला. त्या शेतावर ते गुडघ्यापर्यंत खोचून नेसतात. आमच्या पत्नीहून त्यांना ते जास्त शोभतं.

शेवटचा मुद्दा, शिंप्यांच्या भाषेतला. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात. आयुष्यभर आम्ही माया शब्दावर शंकराचार्यांच्या अंगानं बोललो, हा अर्थ कुणी विचारला नाही. जुन्या शिंप्यांनी शिवलेल्या कपड्यात ही माया भरपूर असायची, कारण कपडा एकाच्या अंगावर संपणार नाही, थोरल्याचा धाकट्याला येणार, हे त्यांना ठाऊक असायचं. आजच्या बहुतेक तयार कपड्यांत ती नावालाच असते. तेव्हा जुना कपडा घेताना आधी तो उलटा करा आणि माया बघा. आणि देताना नको म्हणायला जागा सोडा. तीही मायाच.

थांबतो. ज्यांना लोकल गाठायची आहे त्यांनी निःसंकोच उठावं. बाकीच्यांचे प्रश्न घेऊ.