हात तयार, नक्षी उसनी

स्क्रोल सॉ म्हणजे पातळ लाकडातून वळणदार, आरपार नक्षी कापणारी विजेवरची करवत. शिवणयंत्रात सुई जागेवर वरखाली होते आणि कापड फिरवावे लागते, तसे इथे पाते जागेवर चालते आणि फळी दोन्ही हातांनी फिरवायची असते. पाते सुमारे पाच इंच लांब असते आणि वरखालच्या दोन चिमट्यांत ताणून बसवलेले असते. नक्षीसाठी नेहमी लागणारे मधल्या क्रमांकाचे पाते जेमतेम १ मिलिमीटर रुंद आणि ०.४ मिलिमीटर जाड असते, म्हणूनच ते जवळजवळ जागच्या जागी वळते. फळीची कड न तोडता आतली खिडकी काढायची असेल, तर आधी बारीक भोक पाडायचे, पात्याचे एक टोक सोडवून ते भोकातून ओवायचे, पुन्हा ताणायचे आणि मग कापायचे. जाळीत शंभर खिडक्या असतील तर हा खटाटोप शंभर वेळा. या छंदात कापण्याइतकाच वेळ ओवण्यात जातो, हे तयार वस्तू पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही.

ही विद्या यंत्राहून बरीच जुनी आहे. चौदाव्या लुईच्या दरबारी कारागीर आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) पितळेचा आणि कासवाच्या पाठीचा पत्रा एकावर एक ठेवून दोन्ही एकदम कापत असे आणि एकाचा तुकडा दुसऱ्याच्या रिकाम्या जागेत बसवत असे. लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने १७६०च्या दशकात नकाशे लाकडावर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापले, आणि मुलांना भूगोल शिकवण्याचे ते साधन पुढे जिगसॉ कोडे झाले. पायाने चालवायच्या करवतींनी हे काम एकोणिसाव्या शतकात घराघरांत नेले. अमेरिकेत १८७६च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनानंतर त्याची लाट आली. इंग्लंडमध्ये १८९५ पासून ‘हॉबीज’ नावाचे साप्ताहिक नक्षीचे नमुने छापू लागले. छंद आणि छापील नमुना यांचे लग्न तेव्हाच लागले, ते आजतागायत मोडलेले नाही. भारतात हीच करवत छंद म्हणून कमी आणि पोटासाठी जास्त चालली. सहारनपूरची शिसवी जाळी, म्हैसूरचे शिसवीवरचे जडावकाम, मुंबईत खोताच्या वाडीतल्या घरांची लाकडी झालर ही सगळी तिचीच भावंडे.

या छंदाकडे छत्तीसगडमधल्या रायपुरातून पाहताना दोन धागे हाती लागतात. पहिला लाकडाचा. शहराच्या पूर्वेला तेलीबांधा तलावाभोवती आज हॉटेले, दुकाने आणि उंच इमारती आहेत. तलावाच्या काठाला लोक मरीन ड्राइव्ह म्हणतात. पण हा भाग एके काळी लाकडाच्या वाटेवर होता. १९०० साली सुरू झालेल्या रायपूर–धमतरी नॅरोगेज मार्गावरचे तेलीबांधा हे एक स्थानक, आणि त्या मार्गाच्या पलीकडच्या टोकाला सालाची जंगले. शहरातल्या रुळांच्या जागी आता रस्ता झाला आहे, जंगल मात्र राज्याच्या दक्षिणेला आणि उत्तरेला अजून उभे आहे. दुसरा धागा मराठी आहे. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, आणि १९५६ पर्यंत रायपूर ज्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूरच होती. त्यामुळे दारावर देवनागरी पाटी आणि भाद्रपदात गणपतीचे मखर या दोन गोष्टी इथल्या मराठी घरांतही पक्क्या आहेत. या दोन्ही गोष्टी घरी कापायला स्क्रोल सॉ फ्लॅटमध्येही बसतो, कारण त्याला बाल्कनीचा एक कोपरा पुरतो. रंधा यंत्र किंवा गोल करवतीपेक्षा आवाज कमी, आणि बोटाला धोकाही तुलनेने कमी. भुसा मात्र पिठासारखा बारीक असतो. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेली फळी, कापताना तर त्यात फॉर्मल्डिहाइडयुक्त डिंकाची पूड मिसळलेली असते, त्यामुळे मास्क आणि धूळ ओढणारा पंखा यांत कंजुषी करून चालत नाही.

छंदाची आजची स्थिती एका वाक्यात सांगता येते: कापणारे हात वाढले, आखणारे हात वाढले नाहीत. घरी हौसेने केलेल्या वस्तू पाहाव्यात तर गरुड, शिंगे उगारलेली हरणे, पाइनचे जंगल, नाताळची झाडे आणि रोमन आकड्यांची घड्याळे यांची गर्दी दिसते. नमुना परदेशी पुस्तकातून उतरवलेला असतो, सफाई उत्तम असते आणि वस्तू कुठल्याच गावची नसते. स्वदेशी म्हणून जे येते ते मोजके: ॐ, स्वस्तिक, गणपतीची एका रेघेतली बाह्याकृती आणि शिवाजी महाराजांचा एका बाजूने दिसणारा चेहरा. महाराजांची आकृती जिरेटोप, नाक आणि दाढी या तीन खुणांवरून क्षणात ओळखू येते. तीच तिची अडचण आहे. ओळख इतकी सोपी असली की कापणाऱ्याला स्वतःचे काही करायचे उरत नाही, आणि दहा घरांतल्या दहा आकृती एकाच साच्यातल्या वाटतात.

त्यात लेझरने कापणारे यंत्र आले. ३ मिलिमीटरच्या एमडीएफमधली जी जाळी हाताने कापायला दोन संध्याकाळी जातात, ती लेझर काही मिनिटांत काढतो. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आल्यावर मखरांसाठी पुठ्ठा, कागद आणि प्लायकडे लोक वळले, तेव्हाही सुट्या भागांची जोडणीची मखरे बाजारात आली ती प्रामुख्याने यंत्रावर कापलेली. सपाट, एकसारख्या, बारीक छिद्रांच्या जाळीत स्क्रोल सॉने लेझरशी स्पर्धा करणे आता व्यर्थ आहे. अनेक छांदिष्टांना हे मान्य करणे जड जाते आणि ते अधिकाधिक छिद्रांची जाळी कापून सहनशक्तीचे प्रदर्शन मांडतात. सहनशक्ती हा गुण खरा, पण तो कलाकृतीचा गुण नव्हे. लेझरची कड जळून काळपट होते आणि करवतीची कड लाकडाच्या रंगाची राहते, हा फरक डोळ्यांना सुखावतो, पण तेवढ्यावर कला टिकत नाही. करवतीचे स्वतःचे क्षेत्र दुसरीकडे आहे. एक इंचाहून जाड लाकूड, टेबल तिरके करून घेतलेला काप, आणि एकाच ठोकळ्यावर दोन बाजूंनी कापून काढलेली भरीव आकृती, ही कामे घरगुती लेझरच्या आवाक्याबाहेरची आहेत. तिरक्या कापाचा फायदा जडावकामात कळतो. दोन वेगळ्या रंगांच्या पातळ फळ्या एकावर एक ठेवून टेबल काही अंशांनी कलवून कापले, की वरचा तुकडा खालच्या भोकात पाचरीसारखा घट्ट बसतो आणि पात्याने खाल्लेली जागा भरून निघते. कोन फळीच्या आणि पात्याच्या जाडीवर ठरतो, म्हणून जाणते लोक आधी टाकाऊ तुकड्यावर तो शोधतात.

नावाची पाटी हा सर्वांत जास्त केला जाणारा आणि सर्वांत कमी विचार झालेला प्रकार. रोमन अक्षरे सुटी कापली की सुटीच पडतात, त्यांना खाली पट्टी किंवा मागे फळी द्यावी लागते. देवनागरीत शिरोरेषा सगळ्या अक्षरांना धरून ठेवते आणि अख्खे आडनाव एका तुकड्यात निघते. लिपीनेच करवतीला दिलेली ही देणगी आहे. मात्र तिच्याबरोबर अडचणीही येतात. ‘ग’, ‘ण’ आणि ‘श’ यांचे दोन भाग फक्त शिरोरेषेवर लटकतात, त्यामुळे ‘ग’चा डावा आकडा पहिल्या धक्क्याला मोडतो. अनुस्वार तर कशालाच जोडलेला नसतो. तो वेगळा कापून मागच्या फळीवर चिकटवावा लागतो, नाहीतर बारीक देठ देऊन शिरोरेषेला जोडावा लागतो. देठ दिलेला अनुस्वार पाहून कित्येकदा आडनाव चुकीचे वाचले जाते. उकार आणि रफार जोडलेले असले तरी त्यांचे जोड नाजूकच. याहून मोठा पेच लाकडाच्या तंतूंचा आहे. शिरोरेषा लांब आणि आडवी, तिला तंतू आडवे हवेत. अक्षरांचे दंड उभे, त्यांना तंतू उभे हवेत. सलग लाकडात एकाला सांभाळले की दुसरे ठिसूळ होते. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने हा पेच सुटतो, पण साध्या व्यापारी प्लायच्या आतल्या थरांत पोकळ्या असतात, आणि पोकळी नेमकी दंडावर आली की अक्षर गेले. पाटीसाठी लिपीचा आकार मुळापासून नव्याने आखणे, म्हणजे जोड जाड करणे, अनुस्वाराला जागा शोधणे, शिरोरेषेला वजन देणे, हे काम सुलेखनकाराचे आणि सुताराचे मिळून आहे. बहुतेक पाट्यांवर मात्र संगणकातला छापील फॉन्ट जसाच्या तसा उतरलेला असतो. तो कागदासाठी बनलेला आहे, लाकडाचे त्याला काही देणेघेणे नाही.

उसन्या नमुन्यांची गरज इथे का पडावी, हा प्रश्न रायपुरात तर फारच बोचतो. छत्तीसगडच्या उत्तरेला सरगुजा भागातल्या पुहपुत्रा गावात सोनाबाई रजवार यांनी घराच्या ओसरीला मातीच्या जाळ्या घातल्या. बांबूच्या कामट्या वाकवून वर्तुळे करायची, ती एकमेकांना बांधायची, वरून माती लिंपायची आणि मधल्या जागांत पक्षी, माकडे, माणसे बसवायची. ऊन अडावे आणि उजेड यावा एवढ्यासाठी सुरू झालेल्या या कामाला १९८३ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८६ साली तुलसी सन्मान, आणि २००९ मध्ये सान दिएगोच्या मिंगेई संग्रहालयात त्यावर प्रदर्शन भरले. जाळीच्या रचनेचा यापेक्षा चांगला धडा कापणाऱ्याला मिळणार नाही. इथे प्रत्येक वर्तुळ शेजारच्याला टेकून आहे, म्हणजे जोड हाच अलंकार आहे. परदेशी नमुन्यांत आकृती आधी काढतात आणि ती पडू नये म्हणून जोड नंतर घुसडतात, ते लगेच ओळखू येते. सोनाबाईंच्या वर्तुळांत बसलेला पक्षी कुठेही अधांतरी नाही.

दक्षिणेला बस्तरचे लाकूडकाम आहे, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. ते बसुला आणि पटाशीने कोरलेले, उठावाचे काम असल्यामुळे त्याची नक्कल करवतीने करू नये. जाड देवमूर्तीची सपाट छाया कापली की तिच्यातले सगळे वजन जाते, आणि बस्तरच्या नावाने विकल्या जाणाऱ्या एमडीएफच्या शोभेच्या वस्तूंचे नेमके हेच झाले आहे. त्यापेक्षा बस्तरच्याच मुरिया आदिवासी तरुणांनी मैत्रिणींना देण्यासाठी बनवलेल्या फण्या पाहाव्यात. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ सालच्या ‘द मुरिया अँड देअर घोटुल’ या ग्रंथात त्यांची दखल घेतली आहे. फणी मुळातच पातळ आणि सपाट असते, तिला दाते असतात आणि तळहाताएवढ्या जागेत सगळी रचना बसवावी लागते. करवतीच्या स्वभावाशी तिचे जमते. महाराष्ट्रात असाच शेजार सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्यांचा आहे. बाहेरची रेघ ठाम आणि एका दृष्टीत ओळखू येणारी असली की सपाट आकृतीही सजीव होते, हे त्या सावल्या शिकवतात. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तरीही आपल्या छांदिष्टांच्या फळीवर पिंगुळीची रेघ क्वचितच दिसते. इथे सावधगिरी एकच. परंपरेतला नमुना घेताना ती परंपरा कुणाची, हे वस्तूवर लिहिले पाहिजे, आणि विकायचे असेल तर त्या कारागिरांशी बोलून घेतले पाहिजे.

नक्षीइतकीच संपत्ती लाकडात आहे. वेगवेगळ्या रंगांची लाकडे कापून, प्रत्येक तुकडा गोलाई देऊन जोडायचा आणि चित्र उभे करायचे, या प्रकाराला इंटार्सिया म्हणतात. अमेरिकेत १९८०च्या दशकापासून ज्यूडी गेल रॉबर्ट्स यांनी तो छांदिष्टांमध्ये रुजवला. त्यात रंग लावायचा नसतो, लाकडाचाच रंग वापरायचा असतो, आणि या बाबतीत मध्य भारताइतके भाग्यवान प्रदेश थोडे. सागाचा सोनेरी तपकिरी, हळदूचा फिकट पिवळा, शिवणीचा दुधी, बिबळ्याचा तांबूस, शिसवाचा जांभळट काळा. आणि ज्या तेंदूची पाने विडीसाठी जातात त्याच्या गाभ्याचे लाकूड काळे, आबनुसाच्या जातीचे. फर्निचरच्या कारखान्यातून आणि वखारीतून निघणारे वीतभर तुकडे या कामाला पुरतात. प्रत्येक लाकडाची खोड मात्र वेगळी. सागात सिलिका असल्याने पाते लवकर बोथट होते. शिसव जाड असेल तर कड करपते. त्यावर जुना तोडगा म्हणजे नमुन्याच्या कागदावर पारदर्शक चिकटपट्टी लावणे, तिच्यामुळे पाते गरम व्हायचे कमी होते. शिवण हलके आणि मऊ, नवशिक्याला ते सर्वांत क्षमाशील. म्हैसूरच्या जडावकामाने शिसवीच्या पार्श्वभूमीवर असेच निसर्गदृश्य पिढ्यानपिढ्या मांडले आहे, म्हणजे भारतीय डोळ्याला हा प्रकार परका नाही. तरीही फळीला स्टेन आणि ॲक्रेलिक रंग फासण्याची सवय जात नाही. रंगवलेली इंटार्सिया ही इंटार्सिया नव्हेच, असे म्हणणे कठोर वाटेल, पण त्यात लाकडाची निवड करण्याचे कष्ट वाचवलेले असतात एवढे खरे.

तयार वस्तू दाखवण्याची पद्धतही तपासायला हवी. गणेशोत्सवातल्या कलादालनात, दिवाळीच्या आधीच्या विक्रीत किंवा दिवाणखान्याच्या भिंतीवर, वस्तू समोरून आणि दुरून पाहिली जाते. स्क्रोल सॉच्या कामाचे खरे-खोटे मागच्या बाजूला असते. पाते खाली उतरताना तळाशी तंतू उसवतात. ते घासून काढलेत की तसेच सोडलेत, हे फळी उलटल्यावर कळते. आतले कोपरे टोकदार आहेत की गोलसर, टेबल पात्याशी काटकोनात होते की काप तिरपा गेला, सरळ रेघ सरळ राहिली की आखलेल्या रेघेभोवती डगमगली, पॉलिश जाळीच्या कोपऱ्यांत साचून चकाकते का, हे पाहायला वस्तू हातात घ्यावी लागते. ज्या प्रदर्शनांत ‘हात लावू नये’ची पाटी असते, तिथे या कलेची परीक्षा होऊच शकत नाही. कौतुक वेळेचे आणि तुकड्यांच्या संख्येचे होते, आणि ‘किती दिवस लागले?’ हाच पहिला प्रश्न असतो.

दुसरी उणीव श्रेयाची. नमुना आखणारा आणि कापणारा या दोन वेगळ्या व्यक्ती असतात, हे परदेशी पुस्तकांत गृहीत असते. अनेक आखणारे स्वतःसाठी कापायला मोकळीक देतात, विक्रीला मर्यादा घालतात. आपल्याकडे वस्तूखाली फक्त कापणाऱ्याचे नाव असते, आणि मग आखणारा कुणी आहे याची जाणीवच तयार होत नाही. ज्याचे नाव कुठेच येत नाही ते काम शिकायला कुणी धजत नाही. किमतीचेही असेच होते. विक्रीला ठेवलेल्या पाटीची किंमत लेझरच्या पाटीकडे पाहून ठरते, त्यामुळे हाताने कापणारा आपले तास मोजणे सोडून देतो आणि लाकडाचा खर्च निघाला तरी समाधान मानतो. मागणीवरून केलेल्या कामात, म्हणजे एखाद्या घराच्या नावासाठी खास आखलेल्या अक्षरांत किंवा पाडलेल्या जुन्या घराच्या सागवानातून कापलेल्या कुलदैवताच्या चौकटीत, ही तुलना लागू होत नाही. तिथे लेझरवाल्याकडे नमुनाच नसतो.