अंडपेशी, काच आणि नॅनोकणांचा गाजावाजा

नागपुरी संत्र्याची एक फोड रात्रभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून सकाळी बाहेर काढा. ती लिबलिबीत होते, रस गळू लागतो. आत तयार झालेल्या बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फाटलेल्या असतात. स्त्रीची अंडपेशी साठवतानाही हीच अडचण येते. सुमारे ०.१ मिलिमीटर व्यासाच्या या पेशीत पाणी भरपूर असते.

यावरचा उपाय म्हणजे बर्फ होऊच न देणे. हिमरक्षक द्रव्यांच्या दाट द्रावणात ठेवलेली पेशी उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये झटकन बुडवली, की पाणी स्फटिक न होता काचेसारखे घट्ट होते. तेव्हा 'गोठवणे' हा रूढ शब्दच येथे फसवा आहे. मात्र ही द्रव्ये दाट प्रमाणात पेशीला विषारी ठरतात आणि पुन्हा ऊब देताना स्फटिक बनण्याचा धोका असतो.

आता नॅनोकण हे दोन्ही प्रश्न सोडवतील, असे सांगितले जाते. आधाराला मिनेसोटा विद्यापीठातील २०२३ चा प्रयोग दिला जातो. तेथे उंदरांची मूत्रपिंडे १०० दिवसांपर्यंत साठवून, लोह-ऑक्साइडच्या नॅनोकणांनी चुंबकीय क्षेत्रात आतून तापवून रोपली गेली आणि ती कामही करू लागली.

प्रयोग उत्तमच आहे. आमचा आक्षेप त्यावरून अंडपेशीवर मारलेल्या उडीला आहे. मूत्रपिंड जाड असते, बाहेरची उष्णता आत पोचायला वेळ लागतो. अंडपेशी मात्र ०.१ मायक्रोलिटरहून लहान थेंबात असते. कोमट द्रावणात बुडवताच ती मिनिटाला हजारो अंशांच्या वेगाने तापते. मग कणांनी काय साधायचे?

स्फटिकांची वाढ रोखून हिमरक्षकांचे प्रमाण घटवता आले, तर लाभ खरा. डुकराच्या अंडपेशींवर तसे प्रयोग झाले आहेत. पण पेशी जगली एवढ्याने भागत नाही. कण पेशीत शिरतात का, गुणसूत्रांची वाटणी बिघडते का, शेवटी निरोगी मूल जन्मते का, हे पाहिले पाहिजे.

१९७८ मध्ये डॉ. सुभाष मुखर्जी यांनी कोलकात्यात गोठवलेल्या भ्रूणापासून मुलगी जन्मल्याचे सांगितले, तेव्हा त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. मुंबईतील १९८६ च्या परीक्षानलिका बालकाचे श्रेय ज्यांच्याकडे होते, त्या डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनीच पुढे मुखर्जींच्या नोंदी वाचल्या आणि १९९७ मध्ये पहिलेपणाचा मान त्यांना दिला. नोंदी वाचल्याशिवाय दावा नाकारू नये, तसा स्वीकारूही नये. वर्गात नॅनोकणांचा विषय निघाला, तर एवढे जरूर सांगावे.