दोन बोली आणि दोन ध्वनिमुद्रिका : लंडनच्या साउंड सिस्टिमविषयी एक विचार

१९७१ साली बर्नार्ड कोअर्ड या मूळच्या ग्रेनेडातील शिक्षकाने लंडनमध्ये एक लहानशी पुस्तिका प्रसिद्ध केली. वेस्ट इंडीजहून आलेल्या कुटुंबांतील मुले मंदबुद्धी ठरवून वेगळ्या शाळांत प्रमाणाबाहेर धाडली जात आहेत, आणि ज्या चाचण्यांवरून हा निर्णय होतो त्या चाचण्या मुलांची बोली जमेस धरीत नाहीत, असे तिचे एक प्रतिपादन होते. मुलाचे बोलणे म्हणजे बिघडलेली इंग्रजी, असे एकदा गृहीत धरले की दुसरे काय होणार? वास्तविक त्यापूर्वी चार वर्षे, १९६७ साली, कॅसिडी आणि ल पेज यांचा जमेकन इंग्रजीचा कोश केंब्रिजहून निघालेला होता. शास्त्राने जे मान्य केले ते शाळेच्या दारापर्यंत पोचले नाही. मात्र त्याच शहरात त्या बोलीला निर्विवाद मान असलेले एक स्थान होते. ते म्हणजे साउंड सिस्टिमची रात्र. तेथे उमललेल्या वाणीचा विचार आजवर बहुधा निषेधाचा स्वर म्हणून झाला आहे. तो भाषेची कला म्हणूनही व्हावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

साउंड सिस्टिम म्हणजे केवळ ध्वनिवर्धकांची उतरंड नव्हे. १९५०नंतरच्या दशकात किंग्स्टन शहरात टॉम द ग्रेट सेबॅस्टियन, ड्यूक रीड, कॉक्सन डॉड यांच्या यंत्रसंचांभोवती मोकळ्या अंगणांत नृत्याच्या रात्री भरत. अमेरिकेहून आणलेल्या तबकडीचे नाव प्रतिस्पर्ध्यास कळू नये म्हणून तिच्यावरील कागद खरवडून टाकीत. तबकड्या निवडून लावणारा तो ‘सिलेक्टर’ आणि ध्वनिक्षेपकावर बोलणारा तो ‘डीजे’, अशी तेथील विभागणी आहे. पुढे तबकडीच्या मागच्या बाजूस गायकाचा आवाज वगळून उरलेली वाद्यरचना देण्याची प्रथा पडली. तिला ‘व्हर्जन’ म्हणतात. त्या मोकळ्या जागेत डीजेचे लयबद्ध बोलणे सुरू होते. १९७० साली यू-रॉय या डीजेच्या मुद्रिकांना जी लोकप्रियता लाभली, तीमुळे हे बोलणे गीताचे उपांग न राहता स्वतंत्र रचनाप्रकार ठरले. श्रोते खूष झाले की सिलेक्टर सुई उचलून तबकडी पुन्हा पहिल्यापासून लावतो. आपल्या संगीत नाटकांतील ‘वन्स मोअर’ची येथे आठवण होते. पण तेथे पद संपल्यावर त्याची पुनरावृत्ती होते, येथे रचना मध्येच तोडली जाते. रचना पुरी होण्यापेक्षा आरंभाचा क्षण पुन्हा अनुभवणे श्रोत्यांना अधिक मोलाचे वाटते.

ही प्रथा समुद्र ओलांडून लंडनला आली ती स्थलांतरितांबरोबर. १९५४ साली आलेल्या ड्यूक व्हिनचे नाव तेथील आद्य प्रवर्तकांत घेतले जाते. अनेक क्लबांची दारे कृष्णवर्णीयांना बंद असल्याने या रात्री घरांच्या तळघरांत भरू लागल्या. त्यांना ‘ब्लूज’ असे नाव पडले. परवान्यावाचून मद्यविक्री आणि मध्यरात्रीनंतरचा आवाज या कारणांनी पोलिसांचे छापे हा त्यांचा नित्याचा भोग होता. पुढची पिढी लंडनमध्येच जन्मली. घरात जमेकन, रस्त्यावर लंडनची कॉक्नी आणि वर्गात प्रमाण इंग्रजी, असे तिचे त्रैभाषिक जीवन होते. लुइशम भागातील ‘सॅक्सन’ या संचाच्या डीजेंनी १९८०नंतरच्या दशकात बोलण्याची गती एकाएकी दुप्पट करण्याची शैली रूढ केली. अशा वेगात बोली बदलणाऱ्याला दोन्हींची व्याकरणे जिभेवर पक्की असावी लागतात. त्याला भाषादुर्बल कसे म्हणावे?

याच संचाशी निगडित असलेला, १९६३ साली लंडनमध्ये जन्मलेला डीजे स्मायली कल्चर याने १९८४ साली ‘कॉक्नी ट्रान्सलेशन’ ही मुद्रिका काढली. तिची रचना कोशासारखी आहे : कॉक्नी माणूस अमुक म्हणतो, आम्ही तमुक म्हणतो. कृष्णवर्णीय असणे आणि इंग्रज असणे परस्परविरोधी नाही याची ही ग्वाही, अशा आशयाचा अर्थ पॉल गिलरॉय यांनी १९८७च्या आपल्या ग्रंथात लावला. तो ग्राह्य आहे, पण अपुरा आहे. यादीतील जोड्या समान दिसतात, तशा त्या नाहीत. पोलिसाला कॉक्नीत ‘ओल्ड बिल’ म्हणतात. त्यात घरच्या माणसाला ठेवलेल्या टोपणनावाची सलगी आहे. जमेकन शब्द ‘बॅबिलॉन’ आहे. तो रास्ताफारी परंपरेतून आला असून त्यामागे बायबलातील दास्याचा सारा इतिहास उभा आहे. वाच्यार्थ एक, व्यंग्यार्थ दोन. यादी पुढे व्यक्तिनामांवर येते तेव्हा तर भाषांतराची कल्पनाच गळून पडते, कारण विशेषनामाला पर्याय नसतो. शिवाय आमच्या बाजूचे म्हणून जे ‘विन्स्टन’ येते, ते मुळात इंग्लंडचेच नाव! कवीने हा उपरोध जाणून साधला की तो सहज साधला गेला, हा प्रश्न गौण आहे. कोशाच्या आकाराने समानतेचे आश्वासन द्यावे आणि कोशातील नोंदींनीच ते मोडावे, यात या रचनेचे सामर्थ्य आहे.

तरीही यादी ती यादीच. माझ्या मते त्याच वर्षीची ‘पोलिस ऑफिसर’ ही मुद्रिका अधिक सरस आहे. येथे बोली शब्दांच्या जोड्यांत न राहता पात्रांच्या तोंडी येतात. मोटार अडवली जाते, झडती होते, गांजा सापडतो. अधिकाऱ्याचा आवाज आणि निवेदकाचा आवाज हे दोन्ही एकाच कंठातून निघतात. अखेर ‘कॉक्नी ट्रान्सलेशन’चा कर्ता हाच, हे कळताच अधिकारी स्वाक्षरी मागतो आणि त्याला सोडून देतो. कागदपत्रे ठाण्यात हजर करण्याविषयीच्या पोलिसी चिठ्ठीला ‘प्रोड्यूसर’ म्हणतात. तो शब्द ध्रुपदात आहे आणि त्याला कोणत्याच बोलीत प्रतिशब्द दिलेला नाही. सत्तेच्या शब्दाचे भाषांतर होत नाही, हे पहिल्या गीताने जे सांगितले नाही ते दुसरे सांगून जाते. विनोदाच्या तळाशी आणखी एक कटू सत्य आहे. निवेदक सुटला तो हक्काने नव्हे, प्रसिद्धीने सुटला. ज्याची मुद्रिका निघालेली नाही अशा मुलाचे काय, हा प्रश्न गीत विचारीत नाही, पण ऐकणाऱ्याच्या मनात तो राहतो.

एक मर्यादा मान्य केली पाहिजे. मुद्रिका म्हणजे ती रात्र नव्हे. छातीवर आदळणारा मंद्र नाद, भिंतींना फुटलेला घाम, श्रोत्यांचा हुंकार यांतले काहीच तीत उतरत नाही. परंतु हीच मर्यादा आपल्या बोली-सर्वेक्षणांनाही लागू आहे. आपले विद्यार्थी गावोगाव जाऊन शब्दयाद्या आणतात, आणि त्या आवश्यकही आहेत. मात्र बोलणारा ती बोली कधी धारण करतो, कधी उतरवून ठेवतो आणि कोणासमोर, याची नोंद यादीत मावत नाही. शाळेने ज्याला दोष म्हटले ते तळघरात कौशल्य ठरले. मुले तीच होती आणि बोलीही तीच होती. फरक ऐकणाऱ्यांत होता. बोलीच्या अभ्यासकाने आपण कोणत्या खोलीत बसून ऐकत आहोत, हे आधी पाहावे.