बाण नेमका, पण लक्ष्य कोठे?

सिद्धार्थ मुखर्जी यांचे ‘द एम्परर ऑफ ऑल मॅलडीज’ हे कर्करोगाचे चरित्र २०१० साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. पुस्तकाची सुरुवात रक्ताचा कर्करोग झालेल्या एका बालवाडी शिक्षिकेपासून होते, त्यामुळे शिक्षकवाचक पहिल्याच पानापासून त्यात गुंततो. हे पुस्तक चांगले आहे, यात वाद नाही. मौद्यासारख्या तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांच्या हाती ते द्यायचे, तर सोबत काय सांगावे लागेल, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतला आहे.

पुस्तकाचा सर्वांत रंगलेला भाग लक्ष्यवेधी औषधांचा आहे. रक्ताच्या एका जुनाट कर्करोगात ९ व्या आणि २२ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. दोन जनुके एकमेकांना चुकीच्या जागी जोडली जातात आणि त्यांच्यापासून एक विकर तयार होते. मोटारीचा ॲक्सिलरेटर खाली दाबलेलाच अडकून राहावा, तसे हे विकर पेशीला ‘विभाजित हो’ असा संदेश अखंड देत राहते. इमॅटिनिब हे औषध त्या विकराच्या खाचेत जाऊन बसते आणि संदेश थांबतो. पहिल्या चाचणीत पुरेशी मात्रा मिळालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांच्या रक्तातील पेशींची संख्या पूर्ववत झाली. २००१ साली अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. अनेक पेशींवर सरसकट घाव घालणारी जुनी रसायने आणि हे औषध यांतील फरक मुखर्जी फार सुबोध रीतीने उलगडतात.

यशाबरोबर ते अपयशही लपवीत नाहीत. काही रुग्णांत विकराच्या खाचेचा आकारच बदलतो, औषध तेथे बसेनासे होते आणि नवे औषध शोधावे लागते. उत्क्रांतीचा धडा शिकवताना नैसर्गिक निवडीचे याहून जिवंत उदाहरण शिक्षकाला क्वचितच मिळेल.

आमचा आक्षेप पुढे सुरू होतो. सर्वच कर्करोग असे नसतात, हे लेखक सांगतो; पण वाचकाच्या मनावर ठसते ती गोळीचीच कथा. प्रत्येक कर्करोगाला एक कुलूप आहे आणि आज ना उद्या त्याची किल्ली सापडेल, असा समज घेऊन विद्यार्थी पुस्तक मिटतो. विदर्भात हा समज विशेष घातक आहे. आपल्याकडील तोंडाच्या कर्करोगाच्या जनुकांचा अभ्यास खारघरची ॲक्ट्रेक ही संस्था आणि पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केला. त्यात वरचेवर बिघडलेली आढळलेली बरीचशी जनुके, उदाहरणार्थ पी-५३ प्रथिनाचे जनुक, ॲक्सिलरेटरची नसून ब्रेकची आहेत. अडकलेला ॲक्सिलरेटर औषधाने रोखता येतो. तुटून पडलेला ब्रेक औषधाने पुन्हा बसवणे फार कठीण. बाण नेमका असला, तरी त्याला टोचायला जागा हवी. तोंडाच्या कर्करोगाला ‘इमॅटिनिब’ मिळालेले नाही, याचे एक मोठे कारण हे आहे.

दुसरी उणीव किमतीची. ती काही अंशी काळाची आहे, कारण पुढच्या घटना २०१० नंतरच्या आहेत. इमॅटिनिबच्या मूळ कंपनीच्या गोळ्यांचा खर्च भारतात महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये होता. तेच औषध भारतीय कंपन्या ८ ते १० हजारांत देत होत्या. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या एका विशिष्ट स्फटिकरूपाला पेटंट नाकारले आणि स्वस्त औषधाची वाट मोकळी राहिली. औषध प्रयोगशाळेत जन्मते, पण रुग्णापर्यंत पोहोचते ते असल्या निर्णयांमुळे. रसायनशास्त्राच्या शिक्षकाने नागरिकशास्त्राच्या शिक्षकाला सोबत घ्यावे, असा हा विषय आहे.

पुस्तकानंतरची दोन पाने महाराष्ट्रातच लिहिली गेली. पहिले पवईच्या आयआयटीचे आणि टाटा स्मारक केंद्राचे. रुग्णाच्या रक्तातील टी-पेशी काढून घ्यायच्या, त्यांत नवे जनुक घालून कर्कपेशी ओळखणारा ग्राहक बसवायचा आणि पेशी परत शरीरात सोडायच्या, या उपचाराला कार-टी म्हणतात. त्याच्या ‘नेक्सकार१९’ या भारतीय रूपाला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. परदेशातील किमतीच्या मानाने ते कितीतरी स्वस्त आहे. तरी मान्यतेच्या सुमारास त्याचा खर्च ४० लाखांच्या आसपास सांगितला जात होता. शिवाय ज्या खुणेवर हा बाण लागतो, ती निरोगी बी-पेशींवरही असते, म्हणून त्याही मरतात. नेमकेपणाला मर्यादा आहे ती अशी. आणि हा उपचार काही रक्तकर्करोग व लसिका-ग्रंथींच्या कर्करोगांसाठी आहे, तोंडाच्या नव्हे.

दुसरे पान तोंडाच्या रुग्णालाही लागू पडणारे आहे. निवोलुमॅब हे प्रतिद्रव्य कर्कपेशीला हात लावीत नाही. आपल्याच टी-पेशींवर कर्कपेशींनी दाबून धरलेला ब्रेक ते सोडवते. त्याची नेहमीची मात्रा बहुतेकांना परवडत नाही. टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी, म्हणजे तीन आठवड्यांतून एकदा २० मिलिग्रॅम, एवढेच देऊन पाहिले. डोके व मान यांच्या बळावलेल्या कर्करोगाचे १५१ रुग्ण चाचणीत होते. स्वस्त गोळ्यांवर ठेवलेल्या गटात वर्षानंतर शेकडा १६ जण हयात होते. त्याच गोळ्यांना निवोलुमॅबची जोड दिलेल्या गटात शेकडा ४३. नवे औषध न शोधता जुन्याच औषधाविषयी नवा प्रश्न विचारणे, हेही विज्ञानच. पण हा आकडा उलटाही वाचावा: चांगल्या गटातही निम्म्याहून अधिक रुग्ण वर्षाच्या आत गेले.

आता वर्गाकडे वळू. मौद्याहून भंडारा रस्त्याने नागपूरला निघाले, की वाटेतल्या पानठेल्यांवर प्लॅस्टिकच्या तुकड्यात सुपारी, तंबाखू आणि चुना घोटला जाताना दिसतो. हा खर्रा. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा हातावर बनतो. ‘तंबाखू नको, नुसती सुपारी घेतो’ म्हणणाऱ्याला सांगावे, की सुपारी स्वतःच कर्ककारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दिलेला आहे. जो ब्रेक तुटल्यावर जोडता येत नाही, तो न तुटू देणे हाच आज आपल्या हातातला सर्वांत नेमका उपाय.

म्हणून पुस्तक अवश्य वाचावे, वाचून घ्यावे. नवीन औषधाची बातमी आली, की मुलांना तीन प्रश्न विचारायला लावावेत: याचे लक्ष्य कोणते, ते किती रुग्णांत सापडते, आणि उपयोग किती काळ टिकतो? चौथा प्रश्न शिक्षकाने स्वतःला विचारायचा. शाळेच्या फाटकापासून पहिला पानठेला किती पावलांवर आहे?